फळ्यावरचे ४१२ दिवस

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी मी या कारखान्याचा प्रमुख म्हणून रुजू झालो. गेटवरच्या फळ्यावर ‘अपघाताविना ४१२ दिवस’ असं लिहिलेलं आहे. आकडा ५०० झाला की सगळ्यांना बक्षीस आहे. परवा ड्रिल मशीनवरच्या एका मुलाच्या हाताला रुमाल गुंडाळलेला दिसला. विचारलं तर म्हणाला, “घरी लागलं, साहेब.” पण रुमालाला कूलंटचा, म्हणजे मशीनवर गारव्यासाठी सोडतात त्या द्रवाचा, वास येत होता. त्याच्या सुपरवायझरवर कारवाई करावी का?

उत्तर : करू नका. रुमालाचा वास तुमच्या लक्षात आला, एवढ्यावरून तुमच्याबद्दल आशा वाटते. कारवाई केलीत तर पुढच्या खेपेला रुमालसुद्धा दिसायचा नाही.

तो मुलगा खोटं का बोलला? खरं बोलला असता तर ४१२ चा शून्य त्याच्यामुळे झाला असता आणि सगळ्यांच्या बक्षिसावर पाणी फिरवणारा म्हणून लोकांनी त्याला वर्षभर ऐकवलं असतं. असा फळा मीही एकदा हौसेनं रंगवून घेतला होता. वर्षभर अपघाताचं रजिस्टर कोरं, आणि प्रथमोपचार पेटीतल्या पट्ट्या मात्र भराभर संपत होत्या. सुरक्षा अधिकारी मी, पण ही विसंगती पकडली स्टोअरच्या कारकुनानं. तो दर महिन्याला पट्ट्या मागवून वैतागला होता.

फळ्याची दुसरी खोड याहून वाईट. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातातल्या ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलविहीर खोदणाऱ्या रिगवर कंपन्यांचे बडे अधिकारी आले होते. कामाचा दिवस बुडवणारी एकही दुखापत न होता रिगनं सात वर्षं काढली होती, त्याचं कौतुकही त्या भेटीत होतं. त्याच दिवशी विहिरीच्या दाबाच्या चाचणीचा अर्थ चुकीचा लावला गेला, रात्री स्फोट झाला आणि ११ माणसं गेली. कोण घसरलं, कोणाचं बोट कापलं हे मोजणारा आकडा विहिरीतल्या दाबाबद्दल काहीच सांगत नाही.

तेव्हा फळा उतरवा. पण बक्षीस रद्द करू नका, नाहीतर दोष पुन्हा त्या मुलाच्याच माथी येईल. ठरलेली रक्कम सगळ्यांना देऊन विषय संपवा. मुलाला डॉक्टरकडे पाठवा, दुखापतीची नोंद स्वतः समोर उभं राहून करून घ्या, आणि नोंद केल्याबद्दल कोणाचंही काही वाकडं होणार नाही हे त्याच्या सुपरवायझरला त्याच्यादेखत सांगा.

मग मशीनपाशी जा. तिथे कोणीतरी नक्की म्हणेल, “साहेब, हातमोजे देऊ या.” त्याला थांबवा. फिरत्या ड्रिलमध्ये हातमोजा अडकला तर बोटासकट आत ओढला जातो. त्यापेक्षा जॉब, म्हणजे भोक पाडायचा तुकडा, वाइसमध्ये (शिकंज्यात) पकडला होता की हातानं धरला होता, ते विचारा. हातानं धरलेला जॉब ड्रिलचं टोक (बिट) आरपार जाताना गरकन फिरतो. हातानं का धरला, याचं उत्तर बहुधा ‘वाइस घट्ट करण्यात वेळ जातो आणि पाळीचा उत्पादनाचा आकडा गाठायचा असतो’ असं येईल. तो आकडा तुमच्याच सहीनं ठरतो ना? झटकन पकडणारा क्लॅम्प बसवा, आकडा थोडा खाली आणा. धोका मुळातून काढता येत असेल तर काढावा, नाहीतर आड गार्ड घालावा. अंगावर चढवायच्या वस्तूंचा नंबर शेवटचा. खरेदी करताना आपण नेमकं उलट करतो, कारण हातमोजे स्वस्त पडतात.

एक सवय मात्र लगेच लावून घ्या. पाळी बदलते तेव्हा दहा मिनिटं तिथे जाऊन उभे राहा. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातल्या ‘पायपर अल्फा’ या तेलफलाटावर एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता आणि काम अपुरं राहिलं होतं. तसा परवाना कागदावर होता, पण रात्रपाळीला ते कोणी सांगितलं नाही. दुसरा पंप बंद पडल्यावर त्यांनी हा चालू केला, वायू गळला, आग भडकली. १६७ माणसं मेली. म्हणून पाळी सोपवणाऱ्याला एवढंच विचारा : “अर्धवट काय राहिलंय?” पहिला आठवडा सगळे “काही नाही” म्हणतील. तरी रोज जा. कोणी काही सांगितलं तर त्याच दिवशी त्याचं काम सुरू झालेलं दिसू द्या. भाषण नको.

ठेकेदाराची माणसं त्या ४१२ दिवसांच्या हिशेबात धरली होती का, हेही बघा. बहुतेक नसतील.

पुढचं पत्र लिहाल तेव्हा स्टोअरमधून महिन्याला किती पट्ट्या जातात, तो आकडा कळवा.