वाचकांचे प्रश्न : बेर्बलिंगच्या चर्चमधील तीन स्त्रिया

प्रश्न : विल्हेल्म लाइब्ल या जर्मन चित्रकाराचे ‘चर्चमधील तीन स्त्रिया’ हे चित्र मी एका पुस्तकात पाहिले. तरुणीच्या पोशाखावरील चौकडी आणि बाकावरील कोरीवकाम इतके हुबेहूब आहे, की ते छायाचित्रावरून रंगवले असावे अशी शंका येते. ती खरी आहे का?

उत्तर : शंका स्वाभाविक आहे, पण खरी नाही. बव्हेरियातील बेर्बलिंग या खेड्यातील चर्चमध्ये, खेड्यातल्याच स्त्रियांना समोर बसवून लाइब्लने हे चित्र 1878 ते 1881 अशी तीनहून अधिक वर्षे रंगवले. शेतीची कामे सांभाळून, थंडीवाऱ्यात त्या पुनःपुन्हा येऊन बसल्या, हेही या चित्राचे श्रेय मानावे लागेल. आज ते हाम्बुर्गच्या कलासंग्रहालयात आहे.

त्याची पद्धत मोठी जोखमीची होती. आधी संपूर्ण रेखाटन करून मग रंग भरणे त्याला मान्य नव्हते. एखादा चेहरा किंवा हात घ्यायचा, तो ओल्या रंगातच पूर्णत्वाला न्यायचा आणि मग शेजारच्या भागाकडे वळायचे. त्यामुळे प्रत्येक तुकडा जिवंत उतरे, परंतु सगळे तुकडे एकत्र आल्यावर प्रमाण चुकल्याचे उशिरा ध्यानात येई. आपण पाहिलेल्या चित्रातही प्रार्थनापुस्तक धरलेल्या तरुणीचे हात जरा मोठेच वाटतात. आमच्या मते मात्र कामाची सवय असलेल्या त्या हातांमुळेच चित्राला वजन आले आहे. चोरट्या शिकाऱ्यांच्या मोठ्या चित्राचे नशीब एवढे चांगले नव्हते. अनेक वर्षे खपून केलेल्या त्या चित्राचे पॅरिसमध्ये थंडे स्वागत झाले आणि लाइब्लने ते स्वतःच्या हाताने कापून टाकले.

त्या काळी म्युनिकमध्ये शेतकरी जीवनाची चित्रे पुष्कळ निघत. त्यांत लग्ने, भांडणे, गमतीजमती असत आणि शहरी गिऱ्हाईक ती हौसेने घेई. लाइब्लच्या चित्रात असे काहीच घडत नाही. 1877 च्या ‘गावातले राजकारणी’मध्येही पाच शेतकरी एका कागदाभोवती बसले आहेत, इतकेच. माणूस जसा आहे तसा रंगवला की त्याचा आत्मा आपोआप येतो, अशी त्याची धारणा होती.

प्रश्न : तो मूळचा खेड्यातला होता का?

उत्तर : नाही. 1844 मध्ये कोलोन शहरात, कॅथीड्रलच्या संगीतप्रमुखाच्या घरी तो जन्मला. आधी कुलूपकामाची उमेदवारी आणि नंतर म्युनिकच्या कला अकादमीत शिक्षण, असा त्याचा प्रवास झाला. 1869 मध्ये म्युनिकच्या प्रदर्शनात फ्रेंच चित्रकार कूर्बे याने त्याचे काम वाखाणले आणि लाइब्ल पॅरिसला गेला. पण पुढच्याच वर्षी युद्ध पेटल्याने त्याला परतावे लागले. 1873 मध्ये त्याने म्युनिक सोडले, आणि पुढे खेडी बदलली तरी मुक्काम बहुतेक खेड्यांतच राहिला. 1900 मध्ये त्याचे निधन झाले. योहान श्पेर्ल हा निसर्गचित्रकार मित्र अनेक वर्षे त्याच्यासोबत राहत असे. काही चित्रांत तर कुरणे आणि बागा श्पेर्लच्या, माणसे लाइब्लची आहेत.