हरितलवकातून गेलेली जनुकं

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. ‘नाजास’ या पाणवनस्पतीच्या हरितलवकातून (पेशीतल्या प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या हिरव्या कणातून) ११ जनुकं नाहीशी झाल्याचं वाचलं आणि वर्गात सांगितलं. एका मुलीने विचारलं, “सर, पाण्यात राहून गेली का ती? आणि मग त्यांचं काम कोण करतं?” काय सांगू?

उत्तर : सर, मुलीने एका दमात दोन प्रश्न विचारलेत आणि दुसरा जास्त अवघड आहे. आधी पहिला घेऊ.

तुम्ही वाचलंत ते ‘नाजास फ्लेक्सिलिस’बद्दल. ही उत्तर अमेरिका आणि युरोपातल्या तळ्यांत पूर्ण बुडून वाढते. तिच्या हरितलवकाचा जनुकसंच २०१३ साली प्रसिद्ध झाला. तंबाखूच्या हरितलवकात एनडीएच गटाची ११ जनुकं असतात. नाजासमध्ये त्यातलं एकही धड उरलेलं नाही. या जनुकांपासून एका मोठ्या प्रथिनसंकुलाचे भाग तयार होतात. प्रकाशसंश्लेषणात काही इलेक्ट्रॉन पुढे न जाता माघारी फिरतात, त्यातून जादा एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) मिळतो. माघारीच्या दोन वाटा आहेत. एक या संकुलातून जाते, दुसरीला पीजीआर५ हे प्रथिन लागतं आणि त्याचं जनुक हरितलवकात नाही, पेशीच्या केंद्रकात असतं.

१९९८ मध्ये शास्त्रज्ञांनी तंबाखूतलं एनडीएच मुद्दाम मोडून पाहिलं. वेळेवर पाणी, बेताचा उजेड, आणि झाडं अगदी नेहमीसारखी वाढली! फरक पडला तो पुढे पाण्याचा ताण दिल्यावर. पर्णरंध्रं (पानावरची हवेची बारीक छिद्रं) मिटली, आत कार्बन डायऑक्साइड कमी पडला आणि या झाडांचं प्रकाशसंश्लेषण शाबूत झाडांपेक्षा जास्त घसरलं.

आता बुडून राहणाऱ्या पानाकडे बघा. तुमच्या प्रयोगशाळेत हायड्रिला असेलच, ती नाजासच्याच कुळातली. पान काचपट्टीवर ठेवलं की मध्यशिरेजवळच्या लांबट पेशींत हिरवे ठिपके कडेकडेने फिरताना दिसतात. पान मोजून दोन पेशींच्या थरांचं. पर्णरंध्रं शोधायला सांगा, सापडणार नाहीत. नाजासचीही तीच गत. मिटायला रंध्रंच नाहीत, कोरडी हवा लागत नाही. मग एनडीएच मोडलं तरी झाडाचं फारसं अडत नसावं. जनुकांत बिघाड सगळीकडेच होत असतात. ज्या बिघाडाने झाड मागे पडतं तो पिढ्यांतून पुसला जातो, ज्याने काही अडत नाही तो साचत राहतो. ‘वापर नाही म्हणून गळालं’ हे वाक्य मी नोकरीभर उत्तरपत्रिकांत लाल शाईने खोडलं, तुम्हीही खोडा.

पण ‘पाण्यात गेलं की एनडीएच जातं’ असा नियमही फळ्यावर लिहू नका. नाजासच्याच कुळातल्या इलोडियाकडे ही जनुकं शाबूत आहेत. पाण्यावर तरंगणाऱ्या लेम्नाकडे आहेत. सगळ्यात गंमत युट्रिक्युलारियाची (कास पठारावरची सीतेची आसवं याच प्रजातीतली). पाण्यात तरंगणाऱ्या युट्रिक्युलारिया गिब्बाने एनडीएच जपलंय, आणि ब्राझीलमध्ये जमिनीवर वाढणाऱ्या युट्रिक्युलारिया रेनिफॉर्मिसने घालवलंय. आपल्या बांधावरच्या अमरवेलीकडेही नाही, आणि तिचा तर तळ्याशी काही संबंध नाही.

आता काम कोण करतं? नाजासपुरतं उत्तर सोपं आहे, ते संकुलच गेलंय. पण दरवेळी असं नसतं. सह्याद्रीतल्या ओढ्यांत, धबधब्याच्या खडकाला चिकटून पोडोस्टेमेसी कुळातल्या वनस्पती वाढतात. शेवाळ समजून आपण त्यांच्यावर पाय देतो. पाणी ओसरलं की त्यांना फुलं येतात. या कुळातल्या काही जातींचे जनुकसंच २०१९ मध्ये वाचले गेले, तर वायसीएफ१ आणि वायसीएफ२ ही हरितलवकातली सगळ्यात लांब दोन जनुकं गायब! तंबाखूतून ही दोन पूर्ण काढून टाकता येत नाहीत, झाडाचं त्यांच्यावाचून भागत नाही. पोडोस्टेमेसीचं मात्र भागतं. भात, ऊस, ज्वारी या गवतवर्गीय पिकांचंही भागतं, त्यांच्याकडेही ही दोन्ही नाहीत.

गवतांनी आणखी एक जनुक घालवलंय, एसीसीडी, आणि मुलीला मी तेच उदाहरण देईन. मेदाम्लं बनवायच्या पहिल्या पायरीवरच्या विकराचा (एन्झाइमचा) एक भाग या जनुकापासून बनतो. सोयाबीनच्या हरितलवकात चार तुकड्यांचा तो जुना विकर अजून चालू आहे. गवतांत त्याच्या जागी एकच मोठं प्रथिन आलंय, आणि त्याचं जनुक केंद्रकात आहे. म्हणजे काम चालू आहे, कामकरी बदलला. तुमच्याकडे खरिपात सोयाबीनमध्ये क्विझालोफॉप हे तणनाशक फवारतात, ते नेमकं या मोठ्या प्रथिनालाच अडवतं. चार तुकड्यांच्या विकराला ते काही करत नाही, म्हणून गवत मरतं आणि सोयाबीन तसंच उभं राहतं. वर्गातल्या निम्म्या मुलांनी हे घरच्या रानात पाहिलेलं असेल.