जुन्या अमेरिकन रेल्वे तिकिटावर प्रवाशाचं वर्णन का असायचं?

तुम्ही ज्या तिकिटाबद्दल विचारलंय (कडेला बाई की पुरुष, सडपातळ की स्थूल, केसांचा रंग, असे शब्द आणि त्यातल्या काहींवर भोकं) ते बहुधा सवलतीचं तिकीट असावं. पूर्ण भाडं भरणाऱ्याची एवढी चौकशी सहसा होत नसे.

हे सगळं तिकीट-दलालांमुळे आलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला अमेरिकेत त्याच दोन शहरांमध्ये अनेक खासगी कंपन्यांच्या गाड्या धावत आणि गिऱ्हाईक ओढायला परतीसकटची किंवा लांब पल्ल्याची तिकिटं स्वस्तात विकली जात. प्रवासी उरलेला भाग दलालाला विकायचा आणि दलाल तो तिसऱ्याला, स्टेशनवरच्या भाड्यापेक्षा कमी पैशांत. म्हणून कंपन्यांनी अटी घातल्या: तिकीट दुसऱ्याला द्यायचं नाही, त्यावर सही करायची, ठरल्या मुदतीत परतायचं. प्रवाशाशी जुळणाऱ्या शब्दांवर पाडलेल्या त्या भोकांना ‘पंच फोटोग्राफ’ म्हणत. तिकीट ज्याच्या हातात आहे तो मूळ खरेदीदारच आहे ना, हे कंडक्टरला त्यावरून ताडता येई. अमेरिकन संशोधक हर्मन हॉलेरिथने नंतर एका पत्रात लिहिलंय की पंचकार्डाची (भोकं पाडून माहिती नोंदवायच्या कार्डाची) कल्पना त्याला अशाच तिकिटावरून सुचली. त्याच्या यंत्रांनी अमेरिकेच्या 1890 च्या जनगणनेची मोजणी झाली.

1887 च्या आंतरराज्य वाणिज्य कायद्याने भाड्यातला भेदभाव बंद केला, पण सहलीची, मैलांच्या हिशोबाची आणि रोजच्या ये-जा करणाऱ्यांची स्वस्त तिकिटं चालू ठेवायला मुभा दिली. धर्मगुरूंची सवलतही राहिली.

सवलतीच्या तिकिटांवरच्या अटी किती जाचक होत्या ते मोशर नावाच्या प्रवाशाने रेल्वे कंपनीविरुद्ध लढलेल्या खटल्यात दिसतं. या गृहस्थांनी सेंट लुईसहून आर्कान्सामधल्या हॉट स्प्रिंग्जचं परतीसकट सवलतीचं तिकीट काढलं. परत निघताना तिथल्या एजंटला ओळख पटवून शिक्का घ्यायची अट होती. ते वेळेत ऑफिसात गेले, पण एजंटच जागेवर नव्हता. बिनशिक्क्याचं तिकीट म्हणून कंडक्टरने त्यांना गाडीतून उतरवलं. 1888 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला: तिकीट हा करार, आणि शिक्का ही त्यातली अट. मला हा निकाल आजही अन्यायाचा वाटतो. माणूस नेमायचं काम कंपनीचं होतं, आणि भुर्दंड पडला प्रवाशाला. पुढे 1907 मध्ये त्याच न्यायालयाने न्यू ऑर्लिन्सच्या दलालांना अशी अहस्तांतरणीय (दुसऱ्याला देता न येणारी) तिकिटं विकायला मनाई करणारा आदेश योग्य ठरवला. ते मात्र मला पटतं.

तुमच्या तिकिटावरचा बारीक मजकूर भिंगाखाली वाचा. त्यात ‘करार’ आणि सहीची जागा सापडली, तर ते सवलतीचंच असण्याची शक्यता खूप आहे.