दोरीनं ओढायचं धूड

प्रश्न : काका, दुसऱ्या महायुद्धात जर्मनीनं एका ग्लायडरलाच इंजिनं बसवून मोठं मालवाहू विमान केलं, असं वाचलं. मग आधीच विमान का नाही बांधलं? आणि आज ते कुठे पाहायला मिळेल?
– एक विद्यार्थिनी, मिरज

उत्तर : बाळ, तू मेसरश्मिट ३२३ बद्दल विचारते आहेस. त्याला ‘गिगांट’ म्हणत, म्हणजे राक्षस. मूळ ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, होतं मेसरश्मिट ३२१. इंग्लंडवर स्वारी करायची तर रणगाडे आणि तोफा पलीकडे उतरवायला हव्यात, म्हणून १९४० मध्ये ते घाईघाईत आखलं आणि फेब्रुवारी १९४१ मध्ये उडालंही. एकदा खाली उतरवलं की काम संपलं, मग महागडी इंजिनं कशाला, असा हिशेब होता. स्वारी काही झाली नाही, पण ग्लायडर उरले.

खरी अडचण ओढण्याची. तरुणपणी मी हडपसरला ग्लायडरच्या पंखांवर कापड चढवायचं काम केलंय. दोनशे-तीनशे किलोचा ग्लायडर विंचनं, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्रानं, वर जाताना केबलला नुसता झटका बसला तरी आमच्या पोटात गोळा यायचा. इथे तर पंखांची लांबी ५५ मीटर, आणि ओढायला तीन-तीन लढाऊ विमानं एकाच वेळी दोरांना बांधलेली! यात अपघात झाले, माणसं गेली. म्हणून इंजिनं आली. आधी चार लावून पाहिली, ती पुरली नाहीत, मग सहा. तीही जिंकलेल्या फ्रान्समधली, नोम-रोन कंपनीची.

सांगाडा मात्र तोच : पोलादी नळ्या, लाकूड आणि वर कापड. असं कापड डोप, म्हणजे कापड ताठ करणारं रोगण, लावून ताणलं की टिचकी मारल्यावर डफासारखं वाजतं. तो आवाज माझ्या बोटांत अजून आहे. त्या कापडाआड माणसं बसत, हे मनातून जात नाही. दोन फ्लाइट इंजिनिअर तर पंखांतच बसत, दोन्हीकडे एकेक, इंजिनांच्या मधल्या खोबणीत.

सोय मात्र अफलातून होती. नाकाचे दोन दरवाजे कपाटासारखे उघडत आणि रेल्वेच्या उघड्या वाघिणीवर मावेल ते थेट आत ढकलता येई. खाली दहा चाकं, त्यामुळे खडबडीत रानातही उतरत असे. पण इंजिनं आणि इंधन यांचं वजन मालातूनच वजा होतं. वीस टनांच्या वर नेणारा ग्लायडर विमान झाल्यावर दहा-बारा टनांवर आला. वेगही ताशी जेमतेम सव्वादोनशे किलोमीटर.

त्याची किंमत उत्तर आफ्रिकेतल्या ट्युनिशियात मोजावी लागली. २२ एप्रिल १९४३ रोजी सिसिलीहून इंधन घेऊन समुद्रावर खालून उडणाऱ्या ताफ्याला दोस्त राष्ट्रांच्या लढाऊ विमानांनी गाठलं. त्यांत दक्षिण आफ्रिकेचे वैमानिक होते. पोटात पेट्रोल, बाहेर कापड! ताफ्यातली बहुतेक विमानं समुद्रात पडली. कुठल्याही बाजूची असोत, त्या पंखांतल्या दोघांना उडी मारायला किती सेकंद मिळाले असतील?

अखंड विमान कुठल्याच संग्रहालयात नाही. २०१२ मध्ये सार्डिनियाजवळ, ला मादालेना बेटापाशी, साधारण साठ मीटर खोल पाण्यात एक सापडलं. ब्यूफायटर या ब्रिटिश लढाऊ विमानानं ते जुलै १९४३ मध्ये पाडलं होतं. पाहायचंच तर पाण्यात बुडी मारणाऱ्यांनी काढलेले त्याचे फोटो पाहा.