मूल ते प्रगती मैदान: बांबूचा माल दिल्लीच्या मेळ्याला न्यायचा तर

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यातला तुमचा महिलांचा बांबूकामाचा गट आहे, दिल्लीला प्रगती मैदानावर १४ ते २७ नोव्हेंबरच्या व्यापार मेळ्यात ३ बाय ३ मीटरचा स्टॉल मिळालाय. माल म्हणजे खुर्च्या, लटकते दिवे, टोपल्या आणि स्टॉलच्या मागे उभी करायची ८ फुटी जाळीची पडदी. हे रेल्वेनं पाठवावं, ट्रान्सपोर्टनं, की गावातलीच पिकअप ठरवावी, असं तुम्ही विचारलंय.

थेट सांगतो. तालुक्यातले आणखी दोन-तीन गट जाणार असतील तर सगळ्यांनी मिळून एक चौदा फुटी आयशर (बंदोबस्ताचा मालट्रक) करा आणि ती मूलवरून सरळ दिल्लीला जाऊ द्या. सोबत कुणी नसेल तर ट्रान्सपोर्टमध्ये पार्ट लोड टाका, म्हणजे इतरांच्या मालासोबत एकाच गाडीत, पण मेळ्याच्या पंधरा दिवस आधी. रेल्वे पार्सल आणि पिकअप ही दोन्ही नावं यादीतून काढून टाका.

आपल्याकडचे बहुतेक जण नागपूर ते दिल्ली या अकराशे किलोमीटरची काळजी करत बसतात. तो भाग सोपा आहे, गाड्या रोज जातात. माल अडकतो आणि मोडतो तो गावातून ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनपर्यंत, आणि दिल्लीच्या गोडाऊनपासून स्टॉलपर्यंत. तुमचं नियोजन, पैसे आणि माणसं या दोन टोकांना लावा.

पहिलं टोक गावाचं. तुमची निघायची वेळ म्हणजे ऐन धानाचा हंगाम. हलकं धान दिवाळीच्या आसपास कापणीला येतं, मागोमाग भारी धान. गटातल्या बाया कापणी-बांधणीत, ट्रॅक्टर आणि पिकअप धान वाहण्यात. त्यात दिवाळीला ड्रायव्हर घरी जातात. तिकडे काटोल-वरूडकडे संत्र्याचा आंबिया बहार उतरायला लागतो आणि उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांना मागणी वाढते, भाडंही. म्हणून पॅकिंग २५ ऑक्टोबरच्या आत पूर्ण हवं. मेळ्याच्या तारखेपासून उलटं मोजून पाहा: स्टॉलचा ताबा साधारण एक-दोन दिवस आधी मिळतो (नेमकं आयोजकांच्या नियमपुस्तिकेत पाहा), माल त्याआधी तीन दिवस दिल्लीत हवा, पार्ट लोडला वाटेत पाच-सहा दिवस धरायचे, कारण गाडी भरेपर्यंत ट्रान्सपोर्टवाला ती सोडत नाही. म्हणजे अगदी शेवटची तारीख ३ नोव्हेंबर, पण चार दिवस हाताशी ठेवून मूलमधून माल ३० ऑक्टोबरला निघालेला बरा. त्या वर्षी दिवाळी याच दिवसांत येत असेल तर आणखी चार दिवस मागे जा.

आता रेल्वे का नको ते. पार्सल ऑफिस चंद्रपूर-बल्लारशाहसारख्या मोठ्या स्टेशनवर, माल तिथवर न्यायला गाडी तुम्हालाच करावी लागते. गाडी स्टेशनवर थोडाच वेळ थांबते, पार्सलच्या डब्यात जागा नसली की माल फलाटावर राहतो आणि पुढच्या गाडीची वाट पाहतो. ८ फुटी पडदी त्या दारातून घाईघाईत आत ढकलली गेली तर शाबूत निघणार नाही. कुरियरचा विचारही करू नका. बांबू हलका असतो पण जागा खातो, आणि कुरियरवाले वजन व आकारमान यांतलं जे जास्त ते धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० नं भागतात. १२० बाय ९० बाय ९० चा खोका घ्या: प्रत्यक्षात पंचवीस किलो, पण बिल १९४ किलोचं. गावातली पिकअप तेवढ्या लांबच्या प्रवासात उघड्या हौद्यावर माल नेणार, वर ताडपत्री वाऱ्यानं फडफडणार, आणि परतीचं रिकामं भाडंही तुमच्याच माथी.

आयशर सरळ जाते याचा खरा फायदा भाड्यात नाही, हमालीत आहे. पार्ट लोडमध्ये माल गावात चढतो, चंद्रपूर किंवा नागपूरच्या गोडाऊनला उतरतो, पुन्हा चढतो, दिल्लीला उतरतो, पुन्हा टेम्पोत चढतो. प्रत्येक चढउतारीत एखाद्या खुर्चीचा पाय जातो. चौदा फुटी गाडीत साधारण ५०० घनफूट जागा मिळते, तीन गटांच्या स्टॉलचा माल त्यात बसतो. दोन अटी मात्र ठरवतानाच घाला. एक, गाडी बीएस-६ (नव्या प्रदूषण मानकाची) हवी. नोव्हेंबरात दिल्लीची हवा बिघडली आणि प्रदूषणाचे निर्बंध चौथ्या टप्प्यावर गेले, की सीएनजी, एलएनजी, विजेवरच्या आणि बीएस-६ डिझेल गाड्या व जीवनावश्यक माल सोडून बाकी मालगाड्यांना शहराची वेस बंद होते. दोन, दिवसा जड गाड्यांना शहरात प्रवेश नसतो, त्यामुळे ड्रायव्हरला आधीच सांगा की उतरवणं रात्री आहे. नाहीतर तो तिथं पोचल्यावर थांबण्याचे पैसे मागेल, आणि त्याचं मागणं चुकीचंही नसेल.

पॅकिंगबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण बांबूची नुकसानी इथंच होते. प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका. बांबूत जराही ओल राहिली असेल तर ताडपत्रीखाली तीन-चार दिवसांत बुरशी धरते. आतून कागद किंवा जुनं सुती कापड, त्यावर पन्हाळी पुठ्ठा, बाहेरून पोतं. तणीस भरायची तर कडकडीत वाळलेलीच. टोपल्या एकात एक घाला, मधे कागद ठेवा. खुर्च्या जमतील तितक्या नट-बोल्टच्या करा, पाय सुटे करून बांधा. पुढच्या वर्षीचं डिझाइन करताना तर हे पहिल्यांदा बघा, भाडं निम्म्यावर येऊ शकतं. पडदी एका तुकड्यात नेऊ नका, ४ फुटांचे दोन भाग करून बिजागरीनं जोडा. दिव्यांना पुठ्ठ्याचा खोका पुरत नाही, बाहेरून लाकडी पट्ट्यांची चौकट ठोका. कुठलाही नग एका हमालाला उचलता येईल असा हवा, पंचवीस-तीस किलोच्या आत, धरायला दोरीचे कान केलेले. दोघांना न पेलणारी पेटी फेकली जाते, आणि पार्ट लोडमध्ये कुणाची तरी सोयाबीनची पोती तुमच्या दिव्यांवर येतात. "वर काही ठेवू नये" हे हिंदीत, मोठ्या अक्षरात, चारही बाजूंना लिहा. प्रत्येक नगावर गटाचं नाव, हॉल आणि स्टॉल क्रमांक, मोबाइल आणि "७ पैकी ३" असा आकडा. आत काय आहे त्याची यादी एक पेटीत, एक तुमच्याकडे.

कागदपत्रं. पुष्कळ गट इथं घाबरतात, पण समजून घेतलं तर अवघड नाही. माल विकून पाठवत नाही आहात, प्रदर्शनाला नेत आहात, म्हणून सोबत बिल नाही तर डिलिव्हरी चलान लागतं, तीन प्रतींत. त्यावर प्रत्येक वस्तू, नग, अंदाजे किंमत. ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी जीएसटीचा ऑनलाइन कागद) करताना प्रकारात "प्रदर्शन किंवा मेळा" असा पर्याय येतो, तोच निवडा. साधारणपणे दुसऱ्या राज्यात ५०,००० रुपयांच्या वरच्या मालाला ई-वे बिल लागतं, पण हस्तकलेचा माल जीएसटी नोंदणी नसलेल्या कारागिरानं राज्याबाहेर नेला तर किंमत कितीही असो, ते लागतंच. बदल्यात सवलत अशी की ठरावीक उलाढालीपर्यंत हस्तकला विकणाऱ्याला बाहेरच्या राज्यात विक्रीसाठी वेगळी नोंदणी करावी लागत नाही, पॅन आणि ई-वे बिल असलं की पुरे. टोपल्या आणि शोभेच्या वस्तू त्यात येतात. खुर्च्यांचा जीएसटीतला कोड फर्निचरचा पडतो, तेवढं कर सल्लागाराला यादी दाखवून ठरवून घ्या. त्यानं दिल्लीत तात्पुरती नोंदणी घ्यायला सांगितली तर अर्ज विक्री सुरू होण्याच्या किमान ५ दिवस आधी जायला हवा आणि अंदाजे कर आगाऊ भरावा लागतो.

ई-वे बिलाची मुदत फार जणांना खटकते. दर २०० किलोमीटरला १ दिवस. मूल ते दिल्ली साडेबाराशे धरले तर ७ दिवस. आणि हे घड्याळ गाडीचा नंबर भरला की सुरू होतं. तुम्ही पिकअपनं माल नागपूरला वाडी भागातल्या ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला पाठवलात, तिथं तो चार दिवस पडून राहिला, तर ते चार दिवस मुदतीतूनच गेले. यावर नियमातच वाट आहे: राज्यातल्या राज्यात, पाठवणाऱ्यापासून ट्रान्सपोर्टच्या जागेपर्यंत ५० किलोमीटरच्या आतलं अंतर असेल तर त्या टप्प्याला गाडीचा नंबर भरावा लागत नाही. म्हणून ज्याची चंद्रपूरला शाखा आहे असा ट्रान्सपोर्टवाला शोधा. मूल शहरापासून चंद्रपूर त्या मर्यादेच्या आसपास येतं, गावापासूनचं अंतर मात्र मोजून घ्या. तरीही मुदत संपत आली तर संपण्याच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंत ती वाढवता येते. ट्रान्सपोर्टवाल्याला त्या दिवशी फोन करायचं काम गटातल्या एकीवर सोपवा.

आणखी एक कागद, जो आपल्याच भागात लागतो. बांबू कुठून घेतला त्याचा पुरावा चलानाला जोडा. २०१७ च्या दुरुस्तीनंतर खासगी जमिनीवरचा बांबू वन कायद्याच्या लेखी झाड राहिला नाही, पण जंगलातल्या बांबूला वाहतूक परवाना असतोच. सामूहिक वनहक्कातला (गावाला मिळालेल्या जंगलातला) बांबू असेल तर ग्रामसभेचा वाहतूक पास. हा पास ग्रामसभेनं स्वतः द्यावा यासाठी गडचिरोलीतलं मेंढा-लेखा हे गाव झगडलं, आणि २०११ मध्ये त्यांच्या हातात वाहतूक पासांचं पुस्तक आलं. त्या कागदाचं मोल आपल्या लोकांनी कमावलेलं आहे, तो फाइलमध्ये दिमाखात ठेवा. तयार खुर्ची पाहूनही नाक्यावरचा माणूस प्रश्न विचारू शकतो, आणि ड्रायव्हरला बांबूचा इतिहास माहीत नसतो.

बिल्टीवर (ट्रान्सपोर्टवाल्याच्या माल-पावतीवर) माल घेणाऱ्याचं नाव दिल्लीत प्रत्यक्ष हजर असणाऱ्या बाईचं टाका, आधार कार्डावर आहे तसंच. ब्रह्मपुरीकडच्या एका गटाचा माल दिल्लीत वेळेवर पोचला, पण बिल्टी अध्यक्षांच्या नावानं आणि अध्यक्ष गावात धान कापायला. पत्र, फोटो, फोन यात दीड दिवस गेला आणि मेळ्याची पहिली सकाळ रिकाम्या स्टॉलवर बसून काढावी लागली. भाडं आधी भरलं की पोचल्यावर द्यायचं, डिलिव्हरी गोडाऊनला की दारात, हेही बिल्टीवर लिहून घ्या. तोंडी "पोचवून देऊ ना ताई" याला दिल्लीत काही अर्थ राहत नाही.

दुसरं टोक दिल्लीचं. पार्ट लोडचा माल बहुधा संजय गांधी ट्रान्सपोर्टनगरसारख्या ठिकाणी उतरतो, तिथून प्रगती मैदान वीसेक किलोमीटर. हा टप्पा सर्वांत महाग आणि सर्वांत त्रासाचा. टेम्पो आदल्या दिवशी ठरवा, आणि मैदानात कुठल्या फाटकातून, किती वाजता, कुठला गाडीपास लागतो हे आयोजकांकडून लेखी घ्या. फाटकापासून हॉलपर्यंत हमालीचे दर ठरलेले आहेत का तेही विचारा. सामान हॉलमध्ये गेलं की रिकामे खोके कुठं ठेवायचे हा प्रश्न उभा राहतो, स्टॉलमागे ठेवू देत नाहीत. म्हणून घडी होणारी पोती आणि पुठ्ठे बरे, लाकडी चौकटी मोजक्याच. दिव्यांसाठी वीजजोड किती वॅटचा मिळणार ते पाहूनच बल्ब न्या.

बाया रेल्वेनं जातील तेव्हा एक पिशवी सोबत ठेवावी: पाना, पक्कड, सुतळी, कमच्या, फेविकॉल, एक्स्टेंशन बोर्ड, पावतीबुक, क्यूआर कोडचा फलक, चलान-बिल्टीच्या प्रती आणि नमुन्याचे चार उत्तम नग. स्लीपरमध्ये माणशी ४० किलो सामान मोफत चालतं. ट्रक उशिरा आला तरी सकाळी स्टॉलवर दाखवायला काहीतरी राहतं, आणि सुरुवातीचे दिवस व्यापाऱ्यांचे असतात, घाऊक मागणी तेव्हाच येते.

परतीचं निघण्याआधी ठरवा. २७ तारखेच्या रात्री सगळे एकदमच आवरायला लागतात, फाटकावर रांग, टेम्पोचा दर दुप्पट. माल बाहेर काढायलाही पास लागतो, तो दोन दिवस आधी मागून ठेवा. उरलेल्या मालाला परतीचं नवं चलान आणि नवं ई-वे बिल लागतं, जातानाचं चालत नाही. माझं मत विचाराल तर पडदी आणि खुर्च्या परत आणूच नका. शेवटच्या चार दिवसांत "प्रदर्शनातला नग" म्हणून थोडी सूट देऊन तिथंच विका, परत फक्त दिवे आणि अवजारं आणा.

विम्याचं थोडक्यात. २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्यानुसार, जास्त किंमत जाहीर करून जादा दर भरला नसेल तर ट्रान्सपोर्टवाल्याची जबाबदारी भाड्याच्या १० पटींपुरतीच असते. भाडं ४,००० दिलंत तर नुकसान कितीही होवो, ४०,००० च्या वर मागता येत नाही. तुमचा माल लाखाच्या वरचा असेल तर वेगळा प्रवास विमा काढा. पेट्या बंद करताना आणि उघडताना मोबाइलवर फोटो घ्या, मोडतोड दिसली तर माल घेतानाच बिल्टीवर शेरा मारा. लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत द्यावी लागते.

आता तुम्ही एवढं कळवा: एकूण किती नग, प्रत्येकाची लांबी-रुंदी-उंची, गाव मूलच्या कुठल्या बाजूला आहे, आणि सिंदेवाही-सावलीकडचे आणखी कोणते गट जाणार आहेत. त्यावरून आयशर परवडते की पार्ट लोड, ते मी आकडे मांडून सांगतो.