वाचकांचे प्रश्न : शाळेने नेमके काय शिकवले?

प्रश्न : मी गिरणारे परिसरातील एका द्राक्षबागायतदार कुटुंबातील मुलगी असून यंदा नाशिक शहरातील एका शाळेतून दहावी उत्तीर्ण झाले आहे. शाळेच्या वार्षिकांकासाठी ‘माध्यमिक शाळेने मला काय दिले’ या विषयावर लेख लिहिण्यास मला सांगण्यात आले आहे. मी लेख लिहिला. त्यात शिस्त, संस्कार, मैत्री, अपयशावर मात असे सगळे आले. तरीही तो माझा वाटत नाही, कारण वर्गातील कोणाच्याही नावाने तो छापता येईल. आठवीत मी गावातील शाळा सोडून शहरात आले. पहिल्या घटक चाचणीत गणितात मला २० पैकी ६ गुण मिळाले आणि ते वर्षभर मी वर्गात फारशी बोललेही नाही. दहावीत त्याच विषयात मला उत्तम गुण मिळाले. मधल्या काळात माझ्यात काय बदलले, हे मात्र मला सांगता येत नाही. आपली वाढ आपणच ओळखायची कशी?

उत्तर : तुझ्या लेखातील विधाने खोटी नसावीत, ती पुराव्याशिवाय उभी आहेत, एवढेच. भूमितीत प्रमेय लिहिताना तू आधी पक्ष, मग साध्य आणि त्यानंतर सिद्धता लिहीत होतीस, आणि साध्य अचूक लिहून सिद्धता कोरी ठेवली तर गुण मिळत नाहीत, हे तुला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. ‘शाळेने मला आत्मविश्वास दिला’ हे साध्य झाले. आठवीत तू कोणती गोष्ट करू शकत नव्हतीस आणि दहावीत ती कशी करू लागलीस, हे लिहिल्याशिवाय ते सिद्ध होणार नाही.

गुण वाढले, हा पुरावा तू पुढे करशील. मला तो अपुरा वाटतो. दहावीच्या गणितात भाग १ आणि भाग २ यांच्या ४०-४० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात आणि २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. गाइडमधील सिद्धता पाठ करून, अपेक्षित प्रश्नसंच सोडवून आणि गृहपाठाच्या वह्या वेळेवर देऊन यांतील बरेच गुण मिळवता येतात. त्यात गैर काही नाही, परंतु तेवढ्यावरून विद्यार्थ्याची वाढ झाली असे म्हणता येत नाही. कधीही न पाहिलेले उदाहरण समोर आल्यावर आठवीत तू पेन खाली ठेवत होतीस आणि दहावीत आकृती काढून, दिलेली माहिती तिच्यावर मांडून, निदान दोन पायऱ्या लिहून पाहत होतीस, असे जर घडले असेल, तर तो बदल खरा आहे आणि लेखात तोच यायला हवा.

तो शोधण्यासाठी आठवणीपेक्षा वह्यांवर अधिक विसंबून राहावे, असे मला वाटते. आठवणी सोयीप्रमाणे बदलतात, विशेषतः निकाल चांगला लागल्यावर. आठवीची आणि दहावीची गणिताची वही रद्दीत गेली नसेल तर दोन्ही शेजारी ठेव. पहिलीत फळ्यावरचे जसेच्या तसे उतरवलेले असेल. दुसरीत समासात प्रश्नचिन्हे, खोडलेल्या पायऱ्या, ‘हे सरांना विचारायचे’ अशा नोंदी सापडतील. ज्या पानापासून अशा नोंदी सुरू झाल्या, त्या आठवड्यात वर्गात काय घडले होते, ते आठव. गावातून आलेली, आपल्या बोलीला कोणी हसेल या भीतीने गप्प बसणारी मुलगी साठ जणांसमोर ‘मला समजले नाही’ असे म्हणते, तेव्हा त्यासाठी लागलेले धैर्य कोणत्याही प्रगतिपुस्तकात नोंदवले जात नाही. ते वाक्य तू प्रथम कोणापुढे उच्चारलेस, त्या शिक्षकांनी काय केले आणि कोणी हसले का, एवढे तू लिहिलेस तरी तुझा लेख दुसऱ्या कोणाच्या नावाने छापता येणार नाही.

येथे एक गमतीची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. नववी-दहावीसाठी ‘स्व-विकास व कलारसास्वाद’ नावाचा एक श्रेणी विषय शासनाने नेमला आणि त्याचे पाठ्यपुस्तकही काढले. परीक्षा जवळ आली की अशा विषयांच्या तासिका गणिताचे किंवा विज्ञानाचे शिक्षक मागून घेतात, हे कोणत्याही विद्यार्थ्याला आठवेल. मला त्याचा फारसा राग येत नाही, कारण स्वतःचा विकास वेळापत्रकातल्या एखाद्या तासिकेत होत असेल यावर माझा विश्वास नाही. ‘जलसुरक्षा’ या श्रेणी विषयाचे मात्र तुझ्यासारखीच्या बाबतीत वेगळे होऊ शकते. गंगापूर धरणाच्या परिसरात राहणाऱ्या आणि घरी ठिबक सिंचनाची बाग असलेल्या मुलीने त्या विषयाचा प्रकल्प बाजारातून चित्रे आणून चिकटवला, की वडिलांना विचारून बागेला किती तास पाणी दिले याची नोंद ठेवली, या प्रश्नाच्या उत्तरात तुझ्या शिकण्याबद्दल बरेच काही दडलेले असेल.

शाळेबाहेरच्या ज्या गोष्टीचा तू पत्रात उल्लेखही केलेला नाहीस, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ऑक्टोबरच्या छाटणीच्या धामधुमीतच शाळेची प्रथम सत्र परीक्षा येते आणि द्राक्षांची तोडणी ऐन भरात असते तेव्हा दहावीची बोर्डाची परीक्षा असते. बागायतदाराच्या घरात त्या दिवसांत प्रत्येक हात हवा असतो. आठवीत तू कदाचित मुकाट्याने बागेत गेली असशील आणि रात्री पेंगत अभ्यास केला असशील. त्यानंतर एखाद्या वर्षी घरच्यांशी बसून ‘परीक्षेच्या आठवड्यात मी बागेत येणार नाही, पण सुटीत मजुरांच्या हजेरीचा हिशेब मी ठेवीन’ अशा स्वरूपाचे काही ठरवले असेल, तर ते माध्यमिक शाळेच्या वर्षांतले मोठे शिक्षण आहे. घरच्यांची अडचण आणि स्वतःची गरज या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, हे मान्य करून मार्ग काढणे पुष्कळ प्रौढांनाही जमत नाही. संध्याकाळी बसची वाट पाहत थांब्यावरच गृहपाठ उरकण्याची सवय लागली असेल, तर तीही याच सदरात मोडते.

मैत्रीविषयी एक मैत्रीण आणि एक भांडण एवढे पुरे. सर्वांची नावे घालण्याच्या मोहात पडू नकोस. शाळेत जे शिकायचे राहून गेले, तेही अवश्य लिही. व्यासपीठावर उभे राहण्याची भीती अजून गेली नसेल, इंग्रजीत बोलताना अजून शब्द अडत असतील, तर ते लपवण्याचे कारण नाही. संपादक मंडळाने तो परिच्छेद गाळला तरी गाळू दे.

राहिला प्रश्न अपयशाचा. त्या ६ गुणांनी तुला घडवले, असे लिहू नकोस. कमी गुण स्वतः काहीच शिकवत नाहीत. त्यांनी असंख्य मुलांना गणित सोडून देण्यास भाग पाडले आहे. त्यानंतर कोणी तरी तुला सातवीचे अपूर्णांक किंवा समीकरणे पुन्हा समजावली असतील, किंवा तू स्वतः जुने पुस्तक काढून बसली असशील. श्रेय त्या कामाला आणि त्या व्यक्तीला दे.

प्रश्न : मी सिडकोत राहते. माझे पती अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतात. आमचा मुलगा आठवीपर्यंत कधीही अडला नाही, मात्र यंदा नववीत अनुत्तीर्ण झाला. ‘अपयश ही यशाची पहिली पायरी’ असे मी त्याला समजावते, तेव्हा तो उठून निघून जातो. त्याला शाळेतून काढून १७ नंबरचा फॉर्म भरावा, असे नातेवाईक सुचवतात. या वर्षातून त्याने काही शिकावे म्हणून मी काय करू?

उत्तर : ते वाक्य तूर्त बंद करा. वरील उत्तरात कमी गुणांविषयी जे म्हटले आहे, तेच येथेही लागू आहे. शिवाय पायरी कोणती आणि ती कोठे जाते, हे त्याला दिसत नसताना असे वाक्य ऐकणे त्रासदायकच असते.

तो आधी अडला नाही, याला धोरणाचीही एक बाजू आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत विद्यार्थ्याला त्याच वर्गात ठेवण्यास मनाई केली होती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यांना पाचवी आणि आठवीपुरती मुभा मिळाली आणि महाराष्ट्राने २०२३-२४ पासून त्या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा व अनुत्तीर्णांसाठी पुनर्परीक्षा सुरू केली. सहावी-सातवीत आजही कोणी मागे राहत नाही. लहान मुलांना नापासाचा शिक्का बसू नये हा हेतू मला योग्यच वाटतो, परंतु कच्चा राहिलेला भाग वेळीच पक्का करून घेण्याचे काम अनेकदा कोणीच करत नाही आणि तो सगळा नववीत एकदम पुढे येतो. तुमचा मुलगा एका वर्षात बिघडलेला नाही, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगा. त्याला सध्या धीरापेक्षा या खुलाशाची गरज अधिक आहे.

१७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या दहावीला बसता येते, हे खरे आहे. ज्यांना कामामुळे किंवा घरच्या परिस्थितीमुळे शाळेत जाणे शक्य नाही, त्यांच्यासाठी ती उपयुक्त सोय आहे. तुमच्या मुलाचे मात्र त्यामुळे रोजचे शिक्षक, मित्र आणि दिवसाचे वेळापत्रक सुटेल आणि कच्चा भाग तसाच राहील. माझे मत शाळेतच नववी पुन्हा करण्याच्या बाजूचे आहे. मागच्या मुलांबरोबर बसण्याची लाज त्याला वाटणारच, ती नाकारू नका. पहिले काही आठवडे कठीण जातील, हेही त्याच्याजवळ मान्य करा.

शाळा सुरू होण्यापूर्वी त्याच्या नववीच्या उत्तरपत्रिका पाहायला मिळतील का, हे वर्गशिक्षकांना विचारा आणि त्या पाहायला जाताना त्याला बरोबर न्या. कोणत्या धड्यापासून धागा सुटला, ते त्यानेच शिक्षकांना विचारावे; तुम्ही शेजारी बसा, पण त्याच्या वतीने बोलू नका. उत्तर बहुधा सहावी-सातवीच्या पुस्तकांत निघेल. ती पुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत.