डोक्याला गंभीर मार लागून घरी आलेल्या मित्रासाठी मी काय करू शकतो?

तुम्ही लिहिलंय की चार महिन्यांपूर्वी मोटरसायकलच्या अपघातात तुमच्या मित्राच्या डोक्याला जबर मार लागला, ऑपरेशन झालं, आता त्याला घरी आणलंय. कधी ओळखतो, कधी नाही. मध्येच चिडतो, बायकोला नको ते बोलतो. आपण जावं की न जावं आणि गेलो तर करायचं काय, हेच तुम्हाला कळेनासं झालंय.

जा. आणि जायचा एक वार ठरवून टाका.

माझ्या मित्राचा अपघात २०१७ च्या नोव्हेंबरात झाला. लग्नाहून रात्री परत येत होता. हेल्मेट होतं, पण ते आरशाला अडकवलेलं. आम्ही पाचवीपासून एका बाकावर बसलेले. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावात त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. दवाखान्यात नेलं तेव्हा कागदावर लिहिलं, ‘जीसीएस ६’. त्याचा अर्थ मला नंतर कळला. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी १९७४ मध्ये ‘ग्लासगो कोमा स्केल’ ही शुद्धीची मोजणी बसवली. डोळे उघडतो का, बोलतो का, सांगितल्यावर हात हलवतो का, यावर ३ ते १५ गुण देतात, आणि ८ किंवा त्याखाली म्हणजे गंभीर. डाव्या बाजूला रक्त साकळलं होतं. कवटीचा तुकडा काढून पोटाच्या कातडीखाली ठेवला आणि सूज उतरल्यावर काही महिन्यांनी परत बसवला. सव्वीस दिवस आयसीयू, गळ्याला भोक, नाकातून नळी.

त्या दिवसांत माणसं कमी नव्हती. आयसीयूबाहेर चटया टाकून आम्ही बारा-पंधरा जण पाळीपाळीनं झोपायचो. रक्त, डबे, पैसे, सगळं उभं राहिलं. घरी आणल्यावर महिनाभर घर भरलेलं. तिसऱ्या महिन्यात पाच-सहा जण उरले आणि वर्ष झालं तेव्हा मी आणि त्याचा मेहुणा. यात कुणी वाईट नव्हतं. दिसायला तो बरा झाला होता, मग असा का वागतो हे कळायचं नाही, आणि समोर बसून बोलायचं काय तेही सुचायचं नाही. म्हणून वार ठरवा म्हणतो. माझं दुकान गुरुवारी बंद असतं, म्हणून मी गुरुवार धरला, सकाळी दहा. ‘वेळ मिळेल तसा येतो’ म्हणणारे आमच्यातले सगळे गळाले. शिवाय त्याला दिवस-रात्रीचंही भान नव्हतं, त्यात आठवड्यातला हा एक खुंटा पक्का झाला.

घरात पाऊल टाकताच बहुतेक जण विचारतात, “ओळखलंस का मला?” एका दुपारी माझ्यासमोर चौघांनी ओळीनं विचारलं. पहिल्याला त्यानं मान हलवली, दुसऱ्याला भलतंच नाव सांगितलं, तिसऱ्याला नुसतं “हो हो” म्हणाला आणि चौथ्यानं विचारल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. परीक्षाच ती, चारचौघांत घेतलेली. त्या दिवसापासून मी दारातूनच सांगायला लागलो, “मी आलोय रे, शाळेतला तुझ्या बाकावरचा. आज गुरुवार.” माझं नाव, नातं आणि वार, दर खेपेला, कंटाळा न करता. आठवलं तर तो हसायचा. नाही आठवलं तरी त्याला खाली मान घालायला लागायची नाही.

मार लागलेल्या मेंदूला एका वेळी एकच गोष्ट झेपते. टीव्ही चालू, आतून कुकरची शिट्टी, समोर तीन माणसं बोलतायत. आपल्याला हे काहीच नाही, पण त्याच्या डोक्यात त्याचा नुसता गलका होतो आणि तो ओरडतो. मग आपण म्हणतो, विनाकारण चिडला. टीव्ही बंद करायला सांगा. एकानंच बोलायचं, एका वेळी एकच प्रश्न, आणि विचारून झालं की गप्प बसून मनात दहापर्यंत मोजायचं. उत्तर वाटेत असतं, आपण घाईनं दुसरा प्रश्न टाकून ते माघारी पाठवतो. आणि त्याचा थकवा खरा असतो. अर्धा तास बोलला की माझा मित्र दोन तास झोपायचा. सकाळी जा, आणि तो थकायच्या आत उठा.

माझ्या मित्राला वाचाघात झाला होता. समजायचं बरंच, शब्द सापडायचे नाहीत. ‘पाणी’ म्हणायला जायचा आणि तोंडातून ‘चावी’ यायचं, मग स्वतःच कपाळावर हात मारून घ्यायचा. एका गुरुवारी त्याचा मुलगा पलंगाला टेकून पाढे पाठ करत बसला होता. तेरा चोक बावन्नला अडला. मागून घोगरा आवाज आला, “तेरा पाचे पासष्ट.” आम्ही दोघं वळून बघतोय तोवर, “तेरा सक अठ्ठ्याहत्तर,” आणि मग न थांबता थेट तेरा दाहे तीसासेपर्यंत. वहिनी पिठाचे हात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. मुलाचं नाव मात्र त्याला त्या दिवशीही सांगता आलं नाही.

वाचा-उपचार करणाऱ्या ताईंनी नंतर समजावलं की पाढे, वार, महिने, आरत्या असं लहानपणी पाठ झालेलं बोलणं मेंदूतून वेगळ्या वाटेनं येतं, त्याला शब्द शोधावा लागत नाही. गाण्याचंही तसंच. अमेरिकेतल्या खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स यांना २०११ मध्ये डोक्यात गोळी लागली, त्यांच्या उपचारातही गाण्याचा मोठा वाटा होता. मग आमचा गुरुवार पाढ्यांनी सुरू व्हायला लागला. पाढे झाले की वार, मग आज कोणता वार, मग काल कोणता. यात हळूहळू दीड वर्ष गेलं. तुम्ही मुंबईच्या जवळ असाल तर वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, तिथे बोलण्यावरचे उपचार होतात. हातापायांच्या पुनर्वसनासाठी हाजीअलीची केंद्र सरकारची संस्था आहे.

आठव्या महिन्यात मी त्याच्याच दुकानातून एका जळलेल्या पंख्याचा स्टेटर, म्हणजे मोटरचा तार गुंडाळलेला भाग, घेऊन गेलो. सकाळी काय खाल्लं ते त्याला आठवत नव्हतं. उजवा हात कमजोर होता. पण डाव्या हातानं त्यानं स्टेटर फिरवून बघितला, नाकाशी नेऊन जळकं वार्निश हुंगलं आणि जुनी तार खाचेतून एकेक करून उपसायला लागला. हातांनी शिकलेलं असं बरेचदा शाबूत राहतं. तुमचा मित्र काय काम करायचा ते तुम्ही लिहिलेलं नाही. त्याच्या कामातली एखादी हातात धरायची वस्तू घेऊन जा. फळं सगळेच नेतात.

तो कधी म्हणेल, “पहाटे पंढरपूरला जाऊन आलो.” हे खोटं बोलणं नव्हे. आठवणीतली रिकामी जागा मेंदू जमेल तशी भरतो आणि त्याला ते खरंच वाटतं. पहिल्यांदा मी वाद घातला, अरे तू तर अंथरुणातून उठलेला नाहीस. तो रडला. आता मी होही म्हणत नाही आणि खोडूनही काढत नाही, “दहावीनंतर आपण गेलो होतो बघ पंढरपूरला,” म्हणून खऱ्या आठवणीवर आणतो.

रागाचं अवघड आहे, आणि तुम्ही त्याच्याबद्दलच जास्त लिहिलंय. सहाव्या महिन्यात त्यानं गरम चहाचा स्टीलचा पेला माझ्या अंगावर फेकला. मनगटावर अजून डाग आहे. कारण एवढंच की मी त्याच्या आधी फोन उचलला. मी दोन गुरुवार गेलो नाही. तिसऱ्या गुरुवारी वहिनींचा फोन आला. रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, “भाऊजी, तुम्हीपण?” त्याला तो पेला आठवतही नव्हता.

कपाळामागचा मेंदूचा भाग म्हणजे आपला लगाम. मनात आलेलं तोंडात येऊ न देणं, उचललेला हात आवरणं, हे तिथून होतं. त्या दिवसांत फिजिओथेरपी करायला येणाऱ्या सरांनी मला फिनीस गेजची हकिकत सांगितली. १८४८ मध्ये अमेरिकेत व्हरमाँटमध्ये रेल्वेमार्गासाठी सुरुंग भरताना मीटरभर लांबीची लोखंडी पहार त्याच्या गालातून शिरून कवटीतून बाहेर गेली. तो जगला, पण शिवराळ आणि उतावळा झाला, जुन्या सोबत्यांना ओळखू येईना. गोष्ट इथवरच सांगतात. पुढे तो चिलीला गेला आणि तिथं काही वर्षं घोडागाडी हाकत होता, हे सांगत नाहीत. तेच रोजचं काम, तीच घोडी. सर म्हणाले, याला असंच रोजचं काहीतरी लावून द्या. मला त्या बोलण्याचा फार आधार झाला.

पण तो वहिनींवर किंवा मुलांवर हात टाकत असेल, तर ‘आजारी आहे, सोसा’ असं चुकूनही म्हणू नका. मेंदूच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा, यावर औषध असतं. जगण्यात अर्थ नाही असं तो बोलायला लागला तर तेही हसण्यावारी नेऊ नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर कुठूनही लागतो, वहिनींसाठीसुद्धा.

त्याच्या इतकंच वहिनींकडे बघा. “काही लागलं तर सांगा,” असं मी सुरुवातीला म्हणायचो. त्यांनी कधीच काही सांगितलं नाही. मग मी न विचारता दळण आणि गॅसचा नंबर लावणं माझ्याकडे घेतलं, आणि गुरुवारी दहा ते एक घर सोडायला लावलं. पहिल्या गुरुवारी त्या गल्लीतच बहिणीकडे गेल्या आणि तीन तास झोपल्या. परत आल्या तेव्हा गालावर उशीचे वळ होते. दुसऱ्या गुरुवारी पण झोपल्याच. देवळात गेल्या त्या पाचव्या की सहाव्या गुरुवारी.

काही गोष्टी मित्रांनीच सांभाळायच्या असतात, कारण त्या मित्रांकडूनच होतात. त्याला दारू पाजू नका, ‘थोडी घेतली तर मूड बरा होईल’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. मार लागलेल्या मेंदूला ती सोसत नाही आणि फिटचा धोका वाढतो. गाडीची किल्ली घरात दिसू देऊ नका, डॉक्टर हो म्हणेपर्यंत. फिट आली तर कुशीवर वळवा, घड्याळ बघा, आजूबाजूचं टोचणारं-लागणारं हलवा. तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही. पाच मिनिटांच्या वर गेली तर थेट दवाखाना. फिटच्या गोळ्या ‘आता बराय’ म्हणून कुणी मनानं बंद करत नाही ना, ते बघा. आणि कवटीचा तुकडा अजून बसवलेला नसेल तर त्या बाजूला धक्का लागू नये, उठता-बसता लक्ष ठेवा.

कागदांचं मात्र तातडीचं आहे. तुमचे चार महिने झालेत. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात नुकसानभरपाईचा अर्ज करायला कायद्यानं अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. घरच्यांना यातलं काही सुचत नसतं, म्हणून हे काम तुम्ही अंगावर घ्या. एफआयआर आणि पंचनाम्याची नक्कल, डिस्चार्ज कार्ड, स्कॅनचे रिपोर्ट, औषधांची बिलं, सगळं एका फाइलीत लावा आणि याच आठवड्यात अपघाताच्या केसेस बघणारा वकील गाठा. आम्ही बिलं प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवली होती, त्यातली निम्मी छपाई उडून कोरी झाली. पावत्यांच्या झेरॉक्स आधी काढा. अपंगत्वाचा दाखला पुढे लागेल, त्याला थोडा अवकाश आहे.

आणि एक दोनशेपानी वही. रोज तारीख टाकून दोन-तीन ओळी. किती झोपला, फिट आली का, कोणता नवा शब्द बोलला, कशावरून चिडला. पहिल्या सहा महिन्यांत सुधारणा डोळ्याला दिसते, नंतर ती इतकी हळू होते की घरातल्यांना वाटतं सगळं थांबलं. आम्हाला एका डॉक्टरांनी सांगितलं होतं, दोन वर्षांत जे होईल ते. वहिनींनी ते अगदी मनाला लावून घेतलं. तिसऱ्या वर्षी त्या हताश होऊन बसल्या असताना मी वही उघडून आदल्या दिवाळीचं पान वाचून दाखवलं, ‘आज चार पावलं, दोघांनी धरून’. तो त्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानातून एकटा दूध घेऊन आला होता. चौथ्या वर्षी त्यानं स्वतःहून माझ्या आईची चौकशी केली.

आता तो सकाळी दोन तास दुकानात बसतो. धंदा मेहुणा बघतो. उजवा पाय ओढतो, हिशेब जमत नाही, दुपारनंतर बोलणं तुटक होतं. आमच्या जुन्या थट्टा त्याला लागत नाहीत, मी एखादी काढली तर नुसता बघतो. शाळेतला माझा मित्र त्या रस्त्यावर राहिला आणि त्याच्यासाठी मी बरेचदा रडलोय, गाडी बाजूला लावून. तुम्हालाही असं होईल. कुणाजवळ तरी बोला, पण त्याच्यासमोर किंवा वहिनींसमोर नको. जो घरी आलाय तो पंखे हुंगून सांगतो कुठली कॉइल गेली, आणि मी दहाला पाच मिनिटं उशिरा पोचलो की उंबऱ्यावर येऊन उभा असतो.

उद्या वहिनींना फोन करा आणि कोणत्या वारी, किती वाजता येणार ते सांगून टाका.